हजार डॉलरच्या घराचा खरा हिशेब: डेट्रॉइटच्या लँड बँकेकडून घर किंवा प्लॉट घेताना

‘अमेरिकेत हजार डॉलरमध्ये घर’ अशा मथळ्याचे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात. त्यातला आकडा खोटा नसतो. मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइट शहरात लँड बँकेच्या लिलावात बोली १,००० डॉलरपासूनच सुरू होते, आणि शेजारचा रिकामा प्लॉट तर १०० डॉलरला मिळतो. मात्र त्या आकड्यासोबत काय काय गळ्यात येतं, ते त्या व्हिडिओत नसतं. लँड बँकेकडून घर घेणं म्हणजे एक काम अंगावर घेणं. त्या कामाला मुदत असते, आणि ते पुरं झालं नाही तर घर परत जाऊ शकतं. इथून पुढचा सगळा हिशेब याच एका गोष्टीभोवती फिरतो.

नाव बँक असलं तरी लँड बँकेत पैसे ठेवत नाहीत आणि तिथे कर्जही मिळत नाही. घरपट्टी थकल्यामुळे सरकारजमा झालेली, कुणीही वाली नसलेली घरं आणि जमिनी ताब्यात घ्यायच्या, त्यांच्यावरचे जुने दावे आणि बोजे कोर्टातून साफ करायचे आणि त्या पुन्हा वापरणाऱ्याच्या हाती द्यायच्या, एवढ्यासाठी उभी केलेली ही सार्वजनिक संस्था असते. अमेरिकेत अशी पहिली संस्था १९७१ मध्ये सेंट लुईस शहरात निघाली. मिशिगन राज्याने २००३ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्याच कायद्याखाली २००८ मध्ये डेट्रॉइट लँड बँक ऑथॉरिटी स्थापन झाली.

डेट्रॉइटला तिची एवढी गरज का पडली, हे लोकसंख्येवरून कळतं. १९५० मध्ये शहरात साडेअठरा लाख माणसं राहत होती. २०२० च्या जनगणनेत ६,३९,१११ उरली. घरं मात्र साडेअठरा लाखांसाठी बांधलेली. त्यात २००८ चं गृहकर्जाचं संकट आलं, २०१३ मध्ये खुद्द महापालिकेनेच दिवाळखोरी जाहीर केली, आणि हजारो कुटुंबांची घरपट्टी थकली. मिशिगनच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे एखाद्या वर्षाची घरपट्टी तिसऱ्या वर्षापर्यंत थकीतच राहिली की काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, खजिनदार कोर्टामार्फत मालमत्ता जप्त करतो. जप्त मालमत्तांचा आधी लिलाव होतो. त्या लिलावाच्या दुसऱ्या फेरीत बोली ५०० डॉलरपासून सुरू होत असे. दूरवरच्या सट्टेबाजांनी तिथून एकगठ्ठा घरं उचलली, दुरुस्ती केली नाही, घरपट्टीही भरली नाही, आणि तीच घरं काही वर्षांनी पुन्हा जप्तीत आली. लिलावात न खपलेल्या मालमत्ता लँड बँकेकडे साचत गेल्या. हे चक्र तोडायचं म्हणून लँड बँक विक्रीला अटी घालते. अटी जाचक वाटल्या तर त्यामागचा हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवावा. ओसाड घराशेजारी वीस-वीस वर्षं राहिलेल्या माणसांनी त्याची किंमत मोजलेली आहे.

माइक डगन २०१४ मध्ये महापौर झाल्यावर लँड बँकेच्या घरांचे ऑनलाइन लिलाव सुरू झाले. लिलावातली घरं त्यातल्या त्यात बरी असतात आणि बहुतेक घरं बोलीआधी ‘ओपन हाउस’ला आत जाऊन पाहता येतात. दुसरा मार्ग ‘ओन इट नाउ’ नावाचा. ही घरं जास्त खराब असतात, जशी आहेत तशी घ्यायची असतात आणि अनेकदा आत न जाताच ठरवावं लागतं. तिसऱ्या प्रकारात लँड बँक स्वतःच घर दुरुस्त करून बाजारभावाने विकते. ते घेणं नेहमीच्या घरखरेदीसारखंच असल्यामुळे त्यात फार समजावण्यासारखं काही नाही. प्लॉटचं गणित वेगळं आहे, ते पुढे स्वतंत्रपणे येईल.

बोली लावण्याआधी लँड बँक तुमचा पूर्वेतिहास तपासते. डेट्रॉइट ज्या वेन काउंटीत येतं तिथे तुमच्या नावावर घरपट्टीची थकबाकी असेल, मागच्या तीन वर्षांत तुमची मालमत्ता करासाठी जप्त झाली असेल, किंवा घर पडीक ठेवल्याबद्दल झालेला दंड भरायचा राहिला असेल, तर तुम्ही अपात्र ठरता. जुनी थकबाकी आधी मिटवा आणि पावती हाताशी ठेवा. महापालिकेचे कर्मचारी आणि शिक्षक यांच्यासारख्या काही गटांना लिलावाच्या किमतीत ५० टक्के सवलत मिळते. घर हजारा-दोन हजारांचं असेल तर ती सवलत किरकोळ ठरते. बोली वीस-तीस हजारांवर गेली की तिचा खरा उपयोग होतो.

आता मुख्य भाग: घर पाहताना काय पाहायचं. यातली बहुतेक घरं १९१० ते १९५० च्या दरम्यान बांधलेली आहेत. लाकडी सांगाडा, बाहेरून विटा किंवा फळ्या, खाली तळघर. अशा घराचा पहिला शत्रू पाणी. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून छपराची वरची रेषा बघा. ती मध्ये खचली असेल तर आतलं लाकूड कुजलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. छप्पर पाचेक वर्षं गळत असेल तर वरच्या मजल्याची जमीन, खालचं छत आणि भिंतींतलं वायरिंग असं सगळंच पाण्यात गेलेलं असतं. तेव्हा छप्पर बदलण्याचा खर्च हा खर्चाचा फक्त पहिला आकडा समजा.

नंतर तळघरात उतरा. भिंत आतल्या बाजूला फुगलेली आहे का, आडवी भेग गेली आहे का, पाहा. उभ्या बारीक भेगा बऱ्याचदा निरुपद्रवी असतात. आडवी भेग आणि फुगवटा म्हणजे बाहेरची ओली माती भिंतीला आत ढकलते आहे, आणि ती भिंत सावरायला दहा हजार डॉलरही कमी पडू शकतात. भिंतीवर किती उंचीपर्यंत पाण्याचा डाग आहे, तेही बघा. वर पाहिलंत की तुळया दिसतील. नळ किंवा हवेची नळकांडी नेण्यासाठी कुणी तुळई मधोमध कापली असेल, तर वरची जमीन चालताना हलेल.

डेट्रॉइटच्या रिकाम्या घरात तांबं शिल्लक असेल असं गृहीतच धरू नका. भंगारवाल्यांनी नळाचे पाइप, विजेच्या तारा, फर्नेस म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी, पाणी तापवण्याची टाकी, कधी कधी खोल्या गरम पाण्याने तापवणारे लोखंडी रेडिएटरही उचलून नेलेले असतात. चोराने पाइप कापला तेव्हा पाणी सुरू असेल तर तळघर भरून गेलेलं असतं. रेडिएटर जागेवर असले तरी हुरळून जाऊ नका. घर एक हिवाळा जरी गरम न करता राहिलं असेल तरी आतलं पाणी गोठून बिडाचा रेडिएटर तडकतो. तो तडा वरवर दिसत नाही, बॉयलर सुरू केल्यावर पाणी वाहायला लागलं की समजतो. म्हणून जुनी यंत्रणा सुरू करण्याआधी तिची हवेच्या दाबाने चाचणी घ्यायला सांगा.

सांडपाण्याची लाइन लोक हमखास विसरतात. घरापासून रस्त्याखालच्या मुख्य गटारापर्यंतच्या लाइनची दुरुस्ती मालकाच्याच खिशातून होते. जुन्या लाइनी भाजलेल्या मातीच्या असतात. सांध्यांतून झाडांची मुळं आत शिरतात आणि लाइन तुंबते किंवा खचते. कॅमेरा घालून तपासणी काही शे डॉलरमध्ये होते. लाइन बदलावी लागली तर पाच ते पंधरा हजार जाऊ शकतात, आणि रस्ता खोदावा लागला तर त्याहूनही वर. घर ताब्यात येताच, भिंतींना रंग लावण्याच्या कितीतरी आधी, ही तपासणी करून घ्या. पिण्याच्या पाण्याचा जुना जोड शिशाचा आहे का, हेही पाणी खात्याकडे विचारा. १९७८ आधीच्या घरात शिशाचा रंग असतो असंच समजून चालावं. लहान मुलं राहणार असतील तर जुना रंग कोरडा घासू नये. तळघरात जुन्या फर्नेसच्या नळकांड्यांवर पांढरट वेष्टन दिसलं तर ते ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. ते स्वतः ओढून काढू नका, परवानाधारक माणूस बोलवा.

विजेच्या बाबतीत दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, चिनी मातीच्या खुंट्यांवरून ताणलेल्या जुन्या तारा अजून आहेत का. दुसरी, मुख्य पेटी ६० अँपिअरची आहे का. दोन्ही असतील तर पूर्ण वायरिंग नवं करण्याचा खर्च धरा.

साधारण मध्यम अवस्थेतल्या, १,२०० चौरस फुटांच्या घराचा अंदाज असा मांडता येईल: छप्पर १२ ते १८ हजार डॉलर, वायरिंग १० ते १५ हजार, प्लंबिंग ८ ते १२ हजार, फर्नेस आणि नळकांडी ६ ते १० हजार, खिडक्या ८ ते १२ हजार, सांडपाण्याची लाइन ५ ते १० हजार, भिंती, जमिनी, स्वयंपाकघर, न्हाणीघर मिळून २५ ते ४० हजार, आणि कचरा उचलण्याचे मोठे डबे, परमिट, विमा यांना ५ हजार. बेरीज ७९ हजार ते १ लाख २२ हजार होते. त्यावर अडीनडीसाठी आणखी १५ ते २० टक्के बाजूला ठेवावे लागतात. या बेरजेपुढे बोलीची रक्कम जवळजवळ नगण्य ठरते. बोली हजारावर थांबली की पाच हजारांवर, यासाठी रात्रभर जागण्यापेक्षा तळघराची भिंत दोनदा पाहण्यात पैसा जास्त वाचतो.

एवढा पैसा कर्जाने उभा करू म्हणाल, तर खरी अडचण तिथेच आहे. घर राहण्यालायक नसेल तर बँक नेहमीचं गृहकर्ज देत नाही. शिवाय शहराच्या बऱ्याच भागांत दुरुस्तीवर लाख डॉलर घातल्यावर घराचं मूल्यांकन ७० हजारच होऊ शकतं. वरचे ३० हजार बँकेच्या लेखी अस्तित्वातच नसतात. दुरुस्तीसह कर्ज देणारी, एफएचए २०३(के) नावाची सरकारी हमीची योजना आहे, पण तिची कागदपत्रं आणि तपासण्या वेळखाऊ आहेत आणि लँड बँकेचं घड्याळ त्यासाठी थांबत नाही. त्यामुळे रोख रक्कम हाती असणारे, किंवा निम्मं काम स्वतःच्या हाताने करू शकणारे, हेच या व्यवहारात टिकतात. हे ऐकायला कडू लागेल, पण अर्ध्यात पैसे संपलेली घरं या शहरात बरीच आहेत.

खरेदी पुरी झाली की साधारण सहा महिन्यांत घर महापालिकेच्या नियमांत बसवून त्यात माणूस राहायला आणायचा असतो. संरक्षित ऐतिहासिक वस्तीतल्या घरांना थोडी जास्त मुदत मिळते, कारण तिथे खिडकी बदलायलाही मंजुरी लागते. मधल्या काळात फोटो, पावत्या, परमिट असे प्रगतीचे पुरावे लँड बँकेला द्यावे लागतात. काम खरोखर चालू असेल तर मुदतवाढ मिळते. गप्प बसलेल्या मालकाला ती मिळत नाही, आणि लँड बँक घर परत घेण्याची कारवाई करू शकते. अडचण आली तर मुदत संपायच्या आधी लेखी कळवा. संपल्यावर कळवलंत तर तो खुलासा ठरतो आणि त्याचं वजन कमी होतं.

सहा महिन्यांचा हिशेब ऋतू पाहून करावा. ऑक्टोबरमध्ये ताबा घेतलात तर मुदतीचा बहुतेक काळ बर्फात जातो. त्या दिवसांत छपराचं काम रखडतं, आणि गोठलेली जमीन खोदणं महाग पडतं. पर्याय असेल तर मार्च-एप्रिलमध्ये ताबा येईल असं पाहा. पहिल्या आठवड्यात कुलपं, खिडक्यांना फळ्या, छपराला ताडपत्री आणि विमा. नेहमीची घरविम्याची पॉलिसी रिकाम्या घराला लागू होत नाही. रिकाम्या किंवा दुरुस्तीखालच्या घराची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, आणि आग लागण्याचा धोका याच काळात सर्वांत जास्त असतो. मग कचरा काढणं, छप्पर, पाया. त्यानंतर वायरिंग, प्लंबिंग आणि फर्नेस. या तिन्हींची परमिटं वेगवेगळी असतात, आणि भिंत बंद करण्याआधी महापालिकेच्या इमारत विभागाचा तपासनीस आतलं काम बघून जातो. तपासणीआधीच भिंतीवर ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे पत्रे, ठोकलेत तर ती फोडून दाखवावी लागते. घाईत असलेले कंत्राटदार हा घोळ करतात. म्हणून कराराचे हप्ते तपासणी पास होण्याशी बांधा: एक तृतीयांशापेक्षा जास्त आगाऊ देऊ नका, आणि शेवटचे दहा टक्के अंतिम तपासणीनंतरच द्या. परमिट कंत्राटदाराच्या नावावर निघालं पाहिजे. ‘तुमच्या नावावर काढा, स्वस्त पडेल’ असं तो म्हणाला तर बहुधा त्याच्याकडे परवाना नसतो आणि सगळी जबाबदारी तुमच्यावर येते.

खरेदीखताबद्दलही समजून घ्या. लँड बँक ‘क्विटक्लेम डीड’ देते. विकणाऱ्याचा जो काही हक्क असेल तो तुम्हाला मिळाला, पण तो हक्क निर्वेध असल्याची हमी त्याने दिलेली नाही, असा त्याचा अर्थ. जप्तीमुळे आणि लँड बँकेने कोर्टात केलेल्या कारवाईमुळे जुने बोजे बहुतांशी संपलेले असतात. तरीही मालकीहक्काच्या नोंदी तपासणाऱ्या टायटल कंपनीकडून शोध घेऊन टायटल विमा, म्हणजे मालकीहक्काचा विमा, काढावा. विमा कंपनीने नकार दिला तर त्याचं कारण आधी समजून घ्या. अटी पूर्ण झाल्या की लँड बँक आपला उरलेला हक्क सोडल्याचा कागद देते. तो वेन काउंटीच्या नोंदणी कार्यालयात नोंदवला गेला आहे ना, हे स्वतः तपासा. तो नोंदवला नसेल तर पुढे विकताना व्यवहार तिथेच अडतो. क्लीव्हलँडच्या कायाहोगा काउंटीतली लँड बँक हेच उलट क्रमाने करते: खरेदीखत तिऱ्हाइताकडे ठेवायचं, दुरुस्ती पूर्ण झाली की मगच मालकी द्यायची. आमच्या मते खरेदीदारासाठी ती पद्धत जास्त स्वच्छ आहे, कारण काम पूर्ण होईपर्यंत मालकी कुणाची याबद्दल संदिग्धता राहत नाही.

आता प्लॉट. लँड बँकेने केलेलं सर्वांत चांगलं काम कुठलं असं विचारलं तर आम्ही शेजारच्या प्लॉटची योजना सांगू. तुमच्या घराला लागून लँड बँकेचा रिकामा प्लॉट असेल तर तो १०० डॉलरला मिळतो. वर्षानुवर्षं तिथलं गवत कापणाऱ्या माणसालाच तो मिळावा, ही त्यामागची भावना आहे आणि ती न्याय्य आहे. २०२० पासून लागून नसलेला पण घरापासून ५०० फुटांच्या आतला प्लॉटही २५० डॉलरला घेता येतो.

प्लॉटला दुरुस्तीची मुदत नसते, पण चुका इथेही होतात. घर पाडलं तेव्हा जुन्या काळी तळघरात विटा-सिमेंटचा राडारोडा ढकलून वर माती पसरत. खणायला लागलात की दोन फुटांवर पहार अडते. शिवाय जुन्या रंगाचं शिसं मातीत उतरलेलं असतं. भाजीपाला लावायचा असेल तर आधी माती तपासून घ्या, किंवा लाकडी चौकटीत बाहेरून आणलेली माती भरून वाफे करा. प्लॉटवर नवं घर बांधायचा विचार असेल तर रुंदी बघा. जुने प्लॉट जेमतेम ३०-३५ फुटांचे असतात आणि आजच्या नियमांत एकट्याने अनेकदा बसत नाहीत, तेव्हा दोन जोडावे लागतात. मिशिगनच्या थंडीत पाया ४२ इंच खोल न्यावा लागतो, तोही राडारोडा पूर्ण काढून. कुंपणालाही परमिट लागतं. कुणी रात्री जुने टायर आणून टाकले तर ते उचलण्याची जबाबदारी मालक म्हणून तुमचीच.

भारतात बसून गुंतवणूक म्हणून यात पडणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. परदेशात मालमत्ता घ्यायला निवासी भारतीय रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकतो, तेव्हा पैसे पाठवण्यात अडचण नाही. अडचण देखरेखीची आहे. ट्रॉय, नोव्हाय, कँटन या डेट्रॉइटच्या उपनगरांत मराठी कुटुंबं बरीच आहेत, पण नोकरी करणाऱ्या भाच्याने दर आठवड्याला जाऊन छप्पर बघावं ही अपेक्षा रास्त नाही. त्याहून मोठा धोका दुसऱ्या हाताच्या विक्रीचा. लँड बँकेकडून हजाराला घेतलेलं, अटी अर्धवट असलेलं घर कुणी तुम्हाला दहा हजारांना ‘पेपर क्लिअर’ म्हणून विकत असेल, तर लँड बँकेचा हक्क सोडल्याचा नोंदवलेला कागद मागा. तो नसेल तर व्यवहार करू नका.

घर ताब्यात आल्यावर घरपट्टीचं चक्र लगेच सुरू होतं. मालकी बदलल्यावर ४५ दिवसांच्या आत हस्तांतराचं प्रतिज्ञापत्र महापालिकेच्या मूल्यांकन विभागात द्यायचं असतं. ते राहिलं तर बिलं आणि जप्तीच्या नोटिसा जुन्या पत्त्यावर जात राहतात. मिशिगनमध्ये करपात्र मूल्याच्या वार्षिक वाढीवर मर्यादा असते, पण विक्री झाली की पुढच्या वर्षी ती मर्यादा उठते आणि मूल्य नव्याने ठरतं. म्हणून आधीच्या मालकाच्या बिलावरून तुमच्या बिलाचा अंदाज बांधू नका. स्वतः राहणार असाल तर मुख्य निवासाच्या सवलतीचा अर्ज १ जूनपूर्वी द्या. १८ मिल्स, म्हणजे करपात्र मूल्याच्या हजार डॉलरमागे १८ डॉलर, कर त्याने कमी होतो. घराला लागून असलेल्या रिकाम्या प्लॉटलाही ही सवलत मागता येते. घर आणि प्लॉट नोंदीत एकत्र केले नसतील तर दोन बिलं येतात. प्लॉटचं छोटं बिल दुर्लक्षिलं जातं, आणि १ मार्चनंतर ते व्याजासह काउंटीकडे जातं. ते तिसऱ्या वर्षापर्यंत थकीतच राहिलं तर शंभर डॉलरला घेतलेला, खणून-निगा राखून फुलवलेला प्लॉट जप्त होतो. दोन्ही बिलं एकाच पत्त्यावर येतात ना आणि दोन्हींचे क्रमांक तुमच्याकडे लिहून आहेत ना, हे पहिल्याच जुलैत, उन्हाळी बिल निघतं तेव्हा, पाहून घ्या.